जहांगीरजी टाटा : भारतीय विमानमार्गाचे जनक

सुटीच्या दिवशीं मुंबईस जुहूच्या किनाऱ्यावर फिरावयास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना तेथील समुद्र माहीत आहे, वाळू माहीत आहे, भेळेचे गाडे तर विशेषच माहीत आहेत. परंतु त्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एक जुना विमानतळ आहे, ह्याकडे त्यांचें लक्ष क्वचितच जात असेल. आज तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरें ये-जा करतात. मोठीं विमानें दुसरीकडे उतरतात. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं दुपारीं दोन वाजण्याच्या सुमारास ह्याच जुहूस एक लहानसें, एकाच इंजिनाचें विमान कराचीहून येऊन उतरलें. त्यांत उतारू एकहि नव्हता. टपालाच्या थैल्या होत्या, आणि त्या घेऊन येणारा अठ्ठावीस वर्षांचा एक पारशी तरुण होता. पुढें 'एअर इंडिया' ह्या नांवानें जगभर ओळखल्या गेलेल्या विमानमार्गाचा जन्म त्या दिवशीं झाला. त्या तरुणाचें चरित्र यंदाच्या अंकांत आमच्या वाचकांस सादर करावें असें आम्हांस वाटलें.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील रतनजी दादाभाई हे सुप्रसिद्ध उद्योगपति जमशेटजी टाटा ह्यांचे आप्त व त्यांच्या पेढींतील एक भागीदार होते. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. विवाहानंतर तिनें पारशी धर्म स्वीकारला व तिचें नांव सूनी असें ठेवण्यांत आलें. घरांत फ्रेंच भाषा चाले. वडिलांच्या व्यापारामुळें कुटुंबाचें बिऱ्हाड कधीं फ्रान्सांत, कधीं मुंबईस, तर कधीं जपानांत योकोहामास असे. त्यामुळें ह्या मुलाचें शिक्षण एका शाळेंत सलग असें झालेंच नाहीं. कांहीं काळ तो मुंबईच्या कॅथीड्रल शाळेंतहि होता. मुलाची शाळा एक वर्ष बदलली तरी चिंतेंत पडणाऱ्या पालकांस हें वाचून थोडा धीर येईल, असें आम्हांस वाटतें!

उन्हाळ्यांत टाटा कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नांवाच्या गांवीं राहावयास जाई. ह्याच गांवीं लुई ब्लेरिओ ह्यांचेंहि घर होतें. ब्लेरिओ म्हणजे सन १९०९ मध्यें विमानांत बसून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे धाडशी वैमानिक. त्यांचीं विमानें तेथील वाळूवर उतरत, आणि लहान जहांगीर तीं डोळे भरून पाहत राही. पंधरा वर्षांचा असतां त्याला प्रथमच विमानांत बसून आकाशांत एक फेरी मारावयास मिळाली. आपणहि वैमानिक व्हावयाचें, हें त्यानें तेव्हांच मनाशीं ठरविलें; पण तो निश्चय सिद्धीस जाण्यास पुढें सुमारें दहा वर्षें लागलीं.

हीं दहा वर्षें सुखाचीं गेलीं नाहींत. सन १९२३ मध्यें आई क्षयानें वारली. जहांगीर त्या वेळीं फ्रेंच नागरिक असल्यामुळें त्याला फ्रान्सच्या घोडदळांत एक वर्ष नोकरी करावी लागली. त्यानंतर केंब्रिजला जाऊन यंत्रशास्त्राचा अभ्यास करावा अशी त्याची फार इच्छा होती. परंतु वडिलांनीं त्याला मुंबईस बोलावून घेतलें आणि सन १९२५ मध्यें पेढींत बिनपगारी उमेदवार म्हणून कामास लावलें. पुढच्याच वर्षीं वडीलहि निवर्तले. पांच भावंडांतील थोरला मुलगा म्हणून घराचा भार बाविसाव्या वर्षीं त्याच्या खांद्यावर आला. विश्वविद्यालयाचें शिक्षण अंतरलें तें अंतरलेंच. ही खंत जहांगीरजींच्या मनांतून जन्मभर गेली नाहीं. पण खंत करीत बसण्यापेक्षां त्यांनीं रात्रीं ग्रंथ वाचून ती उणीव शक्य तेवढी भरून काढली. ह्या उमेदवारीच्या काळांत जॉन पीटरसन नांवाचे एक अनुभवी इंग्रज गृहस्थ त्यांना गुरुस्थानीं लाभले. ह्या पीटरसनसाहेबांचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

सन १९२९ हें वर्ष जहांगीरजींच्या आयुष्यांत फार महत्त्वाचें ठरलें. मुंबईस नुकताच विमानविद्येचा क्लब निघाला होता. तेथें ते शिकावयास गेले आणि थोड्याच तासांच्या शिक्षणानंतर एकट्यानें विमान चालवूं लागले. ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिला गेलेला हा पहिलाच परवाना असून त्यावर क्रमांक १ असाच आंकडा होता. फ्रान्सचें नागरिकत्वहि त्यांनीं ह्याच वर्षीं सोडलें.

ह्याच सुमारास आगाखान ह्यांनीं एक बक्षीस जाहीर केलें. इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील प्रवास विमानानें एकट्यानें करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंड मिळावयाचे होते. प्रवास कोणत्याहि बाजूनें केला तरी चाले. जहांगीरजी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनियर नांवाचा एक पारशी मुलगा, ज्यानें विशीहि गांठली नव्हती, इंग्लंडहून कराचीकडे निघाला. मिसर देशांत अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीचें विमान तेथें अडून पडलें होतें, कारण त्याचे स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनांत ठिणगी पाडून पेट्रोल पेटविणारे तुकडे, बिघडले होते व जवळ दुसरे नव्हते. जहांगीरजींनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. त्याबद्दल अस्पीनें त्यांना आपलें पाण्यांत तरंगण्याचें जाकीट दिलें. दोघे आपापल्या वाटेनें निघून गेले आणि अस्पी कराचीस आधीं पोहोंचला! अवघ्या कांहीं तासांच्या फरकानें बक्षीस त्याला मिळालें. पुढें हाच अस्पी सन १९६० मध्यें भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, आणि दोघांचा स्नेह कायम राहिला. शाळेच्या वार्षिक खेळांत प्रतिस्पर्ध्याचा बूट फाटलेला पाहून मनांतल्या मनांत खूष होणारे कांहीं धावपटू आमच्या माहितीचे आहेत. त्यांनीं हा परिच्छेद पुन्हां एकदां वाचण्यास हरकत नाहीं.

आतां विमानमार्गाच्या स्थापनेकडे वळूं. नेव्हिल व्हिन्सेंट हे दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले व ब्रिटिश हवाई दलांत नोकरी केलेले वैमानिक. हे हिंदुस्थानांत गांवोगांव विमानाचीं उड्डाणें करून दाखवीत फिरले होते आणि ह्या देशांत विमानानें टपाल नेण्याचा धंदा चालेल, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या काळीं विलायतेचें टपाल इंपीरियल एअरवेजचीं विमानें कराचीपर्यंत आणीत. तेथून पुढें मुंबई-मद्रासकडे तें आगगाडीनें जाई आणि विमानानें वांचविलेला वेळ गाडींत खर्ची पडे. कराचीहून अहमदाबाद, मुंबई व बळ्ळारी ह्या मार्गानें मद्रासपर्यंत टपाल हवेंतूनच न्यावें, अशी व्हिन्सेंट ह्यांची योजना होती. जहांगीरजींस ती तत्काळ पटली. पेढीचे मुख्य सर दोराबजी टाटा वृद्ध झाले होते व ह्या नव्या खटाटोपांत पैसा घालण्यास नाखूष होते. तेव्हां पीटरसनसाहेबांनीं रदबदली केली आणि सुमारें दोन लाख रुपयांच्या भांडवलास दोराबजींची संमति मिळाली. पुढचा अडथळा सरकारचा. सरकार कांहींहि आर्थिक साहाय्य देण्यास तयार होईना, आणि ह्या घोळांत जवळजवळ तीन वर्षें गेलीं. अखेर साहाय्याशिवाय, केवळ नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घेऊन काम करण्याची तयारी टाटांनीं दाखविली, तेव्हां एप्रिल १९३२ मध्यें करार झाला. योजनेस संमति देणारे दोराबजी मात्र पहिलें उड्डाण पाहण्यास उरले नाहींत. त्याच वर्षीं जून महिन्यांत ते परलोकवासी झाले.

ह्या नव्या खात्याची सामग्री किती? दोन 'पस मॉथ' विमानें, स्वतः जहांगीरजी, व्हिन्सेंट व होमी भरूचा असे तीन वैमानिक, यंत्रें पाहणारे थोडे लोक, आणि जुहूस झावळ्यांनीं शाकारलेली एक शेड. विमानाचा वेग ताशीं सुमारें १०० मैल. बिनतारी यंत्र नाहीं, जमिनीवरून वाट दाखविणारें कोणी नाहीं. होकायंत्र पाहावें, मांडीवर नकाशा पसरावा आणि खालीं दिसणाऱ्या नद्या व लोहमार्ग ह्यांवरून आपण कोठें आहोंत तें ताडावें, अशी ती विद्या होती.

त्या १५ ऑक्टोबरला सकाळीं साडेसहाच्या सुमारास जहांगीरजी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. बरोबर टपाल ५५ रत्तल. अहमदाबादेस पेट्रोल भरावयाचें होतें, तें चार चार गॅलनांच्या डब्यांतून बैलगाडीनें आणलें होतें! बैलगाडीच्या मदतीनें उडणारें विमान ही कल्पना आज हंसूं आणील. पण त्या काळच्या आपल्या देशाचें इतकें खरें चित्र दुसरें सांपडणें कठीण. दुपारीं जुहूस उतरल्यावर मुंबईचें टपाल खालीं उतरविण्यांत आलें. उरलेलें घेऊन व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गें मद्रासकडे गेले. कराची ते मद्रास हा सारा पल्ला सुमारें १,३०० मैलांचा होता. सुरवातीस ही सेवा आठवड्यांतून एकदांच होती.

खरी परीक्षा पावसाळ्यांत झाली. जुहूची जागा सखल. पाऊस सुरू झाला कीं तेथें पाणी व चिखल होऊन विमान उतरणें अशक्य होई. म्हणून पावसाळ्यापुरतें सर्व बिऱ्हाड पुण्यास हालवावें लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावरून विमानें उडत. आषाढ-श्रावणांत सह्याद्रीच्या माथ्यावर ढग कसे बसतात, हें खंडाळ्याच्या घाटांतून गेलेल्या कोणासहि सांगावयास नको. त्या ढगांतून, कोठें डोंगर आहे व कोठें दरी आहे हें दाखविणारें साधन हातीं नसतां, ह्या लोकांनीं टपाल वेळेवर नेलें. पहिल्या वर्षांत त्यांचीं विमानें १,६०,००० मैल उडालीं, १५५ उतारू व सुमारें पावणेअकरा टन टपाल त्यांनीं नेलें आणि खर्च वजा जातां ६०,००० रुपये नफा झाला. ह्याहून आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी कीं, सन १९३३-३४ च्या सरकारी अहवालांत ह्या सेवेचा वक्तशीरपणा शंभरांत शंभर म्हणून नमूद झाला. ज्या सरकारनें एक पैहि साहाय्य दिलें नव्हतें, त्याच्याच खात्यानें टपालाची सेवा कशी चालवावी ह्याचा कित्ता म्हणून टाटांकडे बोट दाखविलें.

सन १९३८ मध्यें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, जहांगीरजी टाटांच्या संपूर्ण उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. पोलाद, वीज, कापड, रसायनें अशा अनेक कारखान्यांची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि ती त्यांनीं अर्धशतकाहून अधिक काळ संभाळली. त्या सर्वांविषयीं लिहूं गेल्यास आमचा अंकच पुरणार नाहीं. विमानखात्याचें 'टाटा एअरलाइन्स' झालें, मार्ग वाढले, कोलंबोपर्यंत विमानें जाऊं लागलीं. इतक्यांत दुसरें महायुद्ध आलें. पुण्यास विमानांचा कारखाना काढण्याच्या खटपटींत व्हिन्सेंट विलायतेस गेले होते. जानेवारी १९४२ मध्यें तेथून परततांना त्यांचें विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ शत्रूनें पाडलें. ज्याच्या डोक्यांतून ही सर्व कल्पना निघाली, तो मनुष्य असा अकालीं गेला. एअर इंडियाची कथा सांगतांना लोक बहुधा त्याला विसरतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

युद्ध संपल्यावर ता. २९ जुलै १९४६ रोजीं, म्हणजे जहांगीरजींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशीं, टाटा एअरलाइन्सची सार्वजनिक कंपनी झाली. नांव कोणतें ठेवावें ह्यासाठीं कामगार व कारकून ह्यांचीं मतें घेण्यांत आलीं आणि 'एअर इंडिया' हें नांव ठरलें. ह्याच वर्षीं लाल फेट्याचा, मोठ्या मिशांचा, नम्रपणें वांकलेला तो 'महाराजा' जन्मास आला. कंपनीच्या जाहिरातींचें काम पाहणारे बॉबी कूका ह्यांची ती कल्पना, आणि चित्र मुंबईचे चित्रकार उमेश राव ह्यांनीं काढलेलें. खरा महाराजा कोणापुढें वांकत नाहीं. हा मात्र उतारूंपुढें वांकतो, ह्यांतच त्याची सारी मौज होती.

देश स्वतंत्र झाल्यावर परदेशीं जाणारा स्वतःचा विमानमार्ग असावा, अशी सूचना जहांगीरजींनीं सरकारपुढें ठेवली. भांडवलांत सरकारचे शेंकडा ४९ व टाटांचे शेंकडा २५ भाग, बाकीचे लोकांचे, असें तें गणित होतें. मार्च १९४८ मध्यें 'एअर इंडिया इंटरनॅशनल' ही संस्था निघाली आणि ता. ८ जून १९४८ च्या रात्रीं 'मलबार प्रिन्सेस' हें चार इंजिनांचें विमान मुंबईहून लंडनला निघालें. वाटेंत कैरो व जिनीव्हा येथें तें थांबलें. कप्तान के. आर. गझदर विमान चालवीत होते आणि उतारूंत स्वतः जहांगीरजी होते. त्यांचें अर्धें लक्ष हातांतील घड्याळाकडे होतें असें सांगतात. नियोजित वेळेला उतरण्यांत कसूर होते कीं काय हीच त्यांना काळजी! परक्या देशांच्या विमानतळांवर त्या विमानाच्या दोन्ही अंगांवर तिरंगा झळकतांना पाहून त्यांचें अंतःकरण भरून आलें.

परंतु देशांतल्या देशांत मात्र विमानवाहतुकीचें तंत्र बिघडत चाललें होतें. युद्धांतून उरलेलीं विमानें स्वस्त मिळूं लागल्यानें अनेक लहान कंपन्या निघाल्या होत्या आणि एकीचाहि धंदा नीट चालत नव्हता. सन १९४९ मध्यें सरकारनें रात्रीं टपाल नेण्याची योजना काढली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, आपसांत थैल्या बदलीत आणि पहांटेपर्यंत परत जात. योजना मोठी देखणी. नागपूरकरांस तर तिचा अभिमान वाटल्यास नवल नाहीं. पण रात्रीच्या उड्डाणास लागणारीं साधनें अपुरीं आहेत व सरकारचें गणित चुकतें आहे, असें जहांगीरजींचें मत होतें, आणि तें त्यांनीं उघडपणें मांडलें. ह्यावरून त्यांचे व सरकारचे मतभेद वाढले.

सन १९५३ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला आणि त्या वर्षींच्या १ ऑगस्टपासून देशांतील सर्व विमानकंपन्या सरकारच्या ताब्यांत गेल्या. देशांतील उड्डाणांसाठीं 'इंडियन एअरलाइन्स' व परदेशच्या उड्डाणांसाठीं 'एअर इंडिया इंटरनॅशनल' अशीं दोन महामंडळें झालीं. एकवीस वर्षें जपलेली संस्था हातची गेली, आणि निर्णय घेण्यापूर्वीं आपला खरा सल्ला कोणी घेतला नाहीं, ह्याचें जहांगीरजींना अत्यंत दुःख झालें. आपली नाराजी त्यांनीं पंडित नेहरूंपासून लपविली नाहीं. आतां प्रश्न असा होता कीं, नव्या सरकारी संस्थेचें अध्यक्षपद त्यांनीं घ्यावें अशी नेहरूंची विनंती मान्य करावी कीं नाहीं.

वाचकांनीं क्षणभर स्वतःस त्यांच्या जागीं कल्पून पाहावें. कारखाने दुसरे पुष्कळ होते. पैशाची वाण नव्हती. मानहि कमी नव्हता. आपली वस्तु घेतलीत, आतां तुमची तुम्हीच संभाळा, असें म्हणून ते स्वस्थ बसते तर त्यांना नांवें ठेवण्यास कोणी धजलें नसतें. पण आपण दूर झालों तर ही संस्था इतर सरकारी खात्यांसारखी होईल, तिचे वैमानिक व कामगार उघडे पडतील, अशी त्यांना भीति वाटली. त्यांनीं अध्यक्षपद स्वीकारलें, आणि तेंहि विनावेतन. पुढें पंचवीस वर्षें, स्वतःच्या मालकीची एक खिळाहि नसलेल्या ह्या संस्थेचें काम त्यांनीं मालकाहून अधिक कळकळीनें केलें.

तें कसें केलें, ह्याच्या हकीकती ऐकण्यासारख्या आहेत. ते विमानांत बसले कीं त्यांच्या हातीं कागद व लेखणी असे. पडद्यांचा रंग, खुर्चीची पाठ किती कलते, चहा इतका काळा कां कीं तो कॉफीपासून ओळखूं येऊं नये, अशा शेंकडों बारीकसारीक गोष्टींचीं टिपणें करून तीं ते अधिकाऱ्यांकडे पाठवीत. एखाद्या मेजावर धूळ दिसली तर कोणास रागें न भरतां स्वतःच फडकें घेऊन ती पुसून काढीत. एका प्रवासांत विमानांतील अस्वच्छ शौचगृह साफ करण्यासहि त्यांनीं हात लावला. हजारों कोटींचा व्यवहार पाहणारा मनुष्य हें करतो, हें पाहिल्यावर हाताखालच्या लोकांस वेगळा उपदेश करण्याची गरज उरत नसे. आमच्या मतें ह्या पंचवीस वर्षांतील एअर इंडियाच्या नांवलौकिकाचें रहस्य नव्या विमानांपेक्षां ह्या फडक्यांत अधिक होतें.

अर्थात् नवीं विमानेंहि आलींच. सन १९६० मध्यें बोइंग ७०७ जातीचीं जेट विमानें आलीं व न्यूयॉर्कपर्यंत सेवा सुरू झाली. सन १९६२ मध्यें केवळ जेट विमानें वापरणारी जगांतील पहिली संस्था असा एअर इंडियाचा लौकिक झाला. सन १९७१ मध्यें प्रचंड बोइंग ७४७ आलें. ह्या यशाबरोबर दारुण प्रसंगहि आले. 'मलबार प्रिन्सेस' सन १९५० मध्यें आल्प्स पर्वतांतील माँ ब्लां शिखरावर आदळून नष्ट झालें होतें. जानेवारी १९६६ मध्यें त्याच शिखरावर 'कांचनगंगा' हें विमान कोसळून ११७ माणसें मरण पावलीं. त्यांत जहांगीरजींचे स्नेही, थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. ता. १ जानेवारी १९७८ रोजीं 'एम्परर अशोक' हें ७४७ विमान मुंबईहून निघतांच समुद्रांत पडलें आणि २१३ जीव गेले.

ह्या अपघातानंतर एक महिना लोटतो न लोटतो तोंच, फेब्रुवारी १९७८ मध्यें, मोरारजी देसाई ह्यांच्या सरकारनें जहांगीरजींना अध्यक्षपदावरून दूर केलें. नवे अध्यक्ष नेमले गेल्याची वार्ता त्यांना सरकारचें पत्र हातीं पडण्यापूर्वींच कळली. पंचवीस वर्षांच्या बिनपगारी सेवेचा शेवट अशा रीतीनें व्हावा, ही गोष्ट कोणाहि सरकारास शोभणारी नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. देशभर हळहळ व्यक्त झाली, संस्थेंतील कांहीं वरिष्ठांनीं राजीनामे दिले. सन १९८० मध्यें इंदिरा गांधींच्या सरकारनें त्यांना पुन्हां संचालक मंडळावर घेतलें, पण अध्यक्षपद दिलें नाहीं. तरी बोलावणें आलें तेव्हां रुसून न बसतां ते गेले.

ता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें पुरीं झालीं. जहांगीरजी तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. 'लेपर्ड मॉथ' जातीचें एक जुनें, एका इंजिनाचें विमान दुरुस्त करून घेण्यांत आलें, आणि त्यांत एकटे बसून हे वृद्ध गृहस्थ पुन्हां कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आले. तीस वर्षें पुरीं झालीं तेव्हांहि, सन १९६२ मध्यें, त्यांनीं असेंच उड्डाण केलें होतें. तरुणांनीं त्या पहिल्या दिवसांची उमेद विसरूं नये, हा त्यांतील हेतु होता.

मुंबईचें टाटा स्मारक कर्करोग रुग्णालय व मूलभूत संशोधनाची संस्था ह्यांच्या उभारणींतील त्यांच्या वांट्याविषयीं स्वतंत्रच लिहावें लागेल. सन १९९२ मध्यें त्यांना 'भारतरत्न' हा किताब मिळाला. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनीव्हा येथें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. जन्म झाला त्याच पॅरिस शहरांत, पेर-लाशेझ येथील स्मशानभूमींत, त्यांचें दफन झालें.

एअर इंडियाचे पुढील दिवस कठीण गेले. सन २००७ मध्यें तिच्यांत इंडियन एअरलाइन्स मिळविण्यांत आली. तोटा मात्र वाढतच राहिला. अखेर सरकारनें ती विकावयास काढली. ऑक्टोबर २०२१ मध्यें टाटांची १८,००० कोटि रुपयांची बोली मान्य झाली आणि ता. २७ जानेवारी २०२२ रोजीं, जवळजवळ एकूणसत्तर वर्षांनंतर, एअर इंडिया पुन्हां टाटांच्या हातीं आली. जहांगीरजींना जाऊन त्या वेळीं अठ्ठावीस वर्षें लोटलीं होतीं.